अभ्यास मोजणारे भोइटे काका

भोइटे काकांनी माझा अभ्यास पहिल्यांदा मोजला तेव्हा आमची ओळखही नव्हती. मी दहावीत होते. शाळा सुटली की थेट मैदानावर यायचे आणि साडेपाचला सराव सुरू होईपर्यंत पायऱ्यांवर बसून अभ्यास करायचे. निदान मला तसं वाटायचं. त्या दिवशी इतिहासाचं पुस्तक मिटून मी बूट घालायला घेतले, तेवढ्यात एक गृहस्थ दोन पायऱ्या खाली येऊन थांबले. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला चार पेनं, गळ्यात काळ्या नाडीला अडकवलेलं स्टॉपवॉच, पॅन्टखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. हातातल्या पॅडचा कागद काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. सुबक अक्षरात लिहिलं होतं :

'एकूण बसणे : ८० मिनिटे. पैकी पुस्तकाकडे पाहणे : ३१. मैदानाकडे पाहणे : २२. केस : ९. दप्तर उचकणे : ६. इतर : १२. टीप : पुस्तकाकडे पाहण्याच्या वेळेत रंगकाम : १९.'

माझ्या मांडीवर पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे तीन हायलायटर होते. महत्त्वाच्या ओळी मी पिवळ्याने रंगवायचे, अतिमहत्त्वाच्या गुलाबीने आणि राहिलेल्या हिरव्याने.

"रंगकाम जरा जादा हाय," ते म्हणाले. "एवढ्यात एक दरवाजा होतो."

मी इंग्रजी माध्यमातली. अनोळखी माणसाशी मराठीत बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य तयार करायचे, ते तपासायचे, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. हे गृहस्थ गेले नाहीत. उभेच राहिले. शेवटी मी म्हणाले, "सॉरी."

"मला सॉरी कशाला? तास तुझा गेला."

हे सगळं आमच्या प्रशिक्षक नाईक मॅडमच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. मैदानावर उडालेल्या कावळ्यालाही त्यांना उत्तर द्यावं लागे. त्या तरातरा आल्या. "अहो, आपण कोण? आणि मुलींच्या नोंदी कशाला घेताय?"

काकांनी शांतपणे खिशातून कारखान्याचं जुनं ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी काढली. रक्तदाबासाठी रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं होतं. मॅडमनी चिठ्ठी वाचली. "चालायला सांगितलंय. लिहायला कुठे सांगितलंय?"

दुसऱ्या दिवशी काका बायकोला साक्षीला घेऊन आले. कमलकाकूंनी मॅडमना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आमचे मालक हायत. माणूस निर्मळ हाय, पण मोजल्याशिवाय राहवत न्हाय. घरात मी मोजायला बंदी घातली, म्हणून हिकडं आल्यात."

बंदीचं कारणही त्यांनी तिथेच सांगितलं. काकांनी तीन दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून निष्कर्ष काढला होता, की तेलाचा डबा डावीकडून उजवीकडे ठेवला तर रोजची चाळीस पावलं वाचतील. काकूंनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, तुम्हीच वाचवा. चार दिवस काका स्वयंपाक करत होते. पाचव्या दिवशी डबा मुकाट्याने डावीकडे परत गेला.

मॅडम हसल्या नाहीत, पण मुलींना म्हणाल्या, "मोजू देत. तुमचा अभ्यास मोजण्याइतका निघाला तर मलाही कळवा."

भोइटे काका धनकवडीचे. गाव शहरात आलं तेव्हा त्यांच्या तिन्ही भावांनी आपापल्या वाट्यावर इमारती उठवल्या. कॉम्प्युटरवाली पोरं भाडेकरू म्हणून आली, आणि भाऊ सकाळी उठून ओट्यावर पेपर वाचू लागले. काका तेवढे नोकरीत राहिले. पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते वर्क स्टडी खात्यात होते. म्हणजे कामगार एखादं काम करत असताना त्याच्या शेजारी घड्याळ घेऊन उभं राहायचं, कोणत्या हालचालीला किती वेळ लागतो ते टिपायचं आणि त्यावरून दिवसाला किती नग व्हायला हवेत ते ठरवायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग नवीन मशीनं आली. ती आपला वेळ आपणच कागदावर छापून देत. खात्यातली तीन टेबलं गेली, काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कुणाची होती ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांची लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. कागदावर 'विद्यार्थिनीने जांभई दिली' असं शुद्ध मराठी. तोंडाने मात्र "ही पोरगी लई जांभया देती" आणि मध्ये मध्ये सेटअप टाइम, आयडल टाइम, रिजेक्शन हे कारखान्यातलं इंग्रजी. माझं अक्षर चांगलं म्हणून महिन्याभरात नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. "तू बोलत न्हाईस," ते म्हणाले, "म्हंजे लिहिशील बरं." तेव्हापासून ते मला पोलीस चौकीतल्यासारखं 'रायटर' म्हणू लागले. रेवा हे माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

मोजता मोजता त्यांनी आमच्यासाठी नियम केले. पहिला नियम दप्तराचा. दुसऱ्या दिवशी जे वाचायचं त्याचं पान आदल्या दिवशीच काढून, त्यात पेन घालून ठेवायचं. अभ्यासाला बसल्यावर अभ्यास कुठला करायचा हे ठरवत बसणं म्हणजे सेटअप टाइम. तो कारखान्यातही फुकट आणि घरीही. दुसरं, सरावानंतर लगेच पुस्तक उघडायचं नाही. आधी खायचं, मग वीस मिनिटं काहीच करायचं नाही, मग सोपा विषय. अवघड विषय पहाटे, डोकं ताजं असताना. "दमलेल्याला झोप द्यावी," ते म्हणायचे, "भूमिती देऊ नये." तिसरं, पुस्तक मिटून सांगायचं. पुस्तक उघडं असताना सगळेच पास असतात.

हे शहाणपण त्यांना आपोआप सुचलं नव्हतं. सुरुवातीला त्यांनी दोनशे मीटरच्या दोन फेऱ्यांमधली तीन मिनिटांची विश्रांती आयडल टाइम, म्हणजे वाया जाणारा वेळ, म्हणून पकडली होती. आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेल्या असायचो आणि काका कडेने ओरडायचे, "शंकूचं घनफळ! कोण सांगणार?"

"भोइटे," मॅडम म्हणाल्या, "मुलींना दम लागलाय. त्यांना पाणी द्या. शंकू नंतर."

काकांनी तीन दिवस तरीही विचारून पाहिलं. चौथ्या दिवशी मला लिहायला सांगितलं, 'दम लागलेल्या अवस्थेत उत्तरे : शून्य. शिव्या : दोन. प्रयोग बंद.'

आमच्या चारशे मीटरच्या रिलेमध्ये चौघी होतो. मी दुसऱ्या टप्प्याला पळायचे, सुरेखा शेवटच्या. आम्ही तिघींनी कितीही अंतर गमावलं तरी सुरेखा ते भरून काढायची. तिचे वडील, आण्णा, मार्केट यार्डात हमाल होते आणि आई तिथेच कांदा निवडायला जायची. सुरेखा दहावीला गणितात एकदा मार्चमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये नापास झाली होती. आण्णांनी सांगून ठेवलं होतं, येत्या मार्चला शेवटचं. पास झालीस तर पळ कुठं पळायचं तिथं. नापास झालीस तर बूट माळ्यावर, आणि दिवाळीच्या आत लग्न. स्थळ बघूनही ठेवलं होतं. मुलाचं दौंडला किराणा दुकान होतं.

"मुलगा कसा आहे?" मी एकदा धीर करून विचारलं.

"बसलेला," सुरेखा म्हणाली. "फोटोत पण बसलेलाच हाय."

काकांनी हे ऐकलं आणि आम्हा तिघींच्या नोंदी बंद करून सगळा मोर्चा सुरेखाकडे वळवला. ते नोव्हेंबरचे दिवस होते. त्यांना पहिला अडथळा दिसला तो सकाळचा. सुरेखा पहाटे आईबरोबर कांदा निवडायला बसायची आणि अवघड विषयाला वेळच राहायचा नाही. तेव्हा एका रविवारी काका आण्णांना भेटायला मार्केट यार्डात गेले. सुरेखाबरोबर मीही गेले, कारण नोंद मी ठेवायची होती.

आण्णा ट्रकमधून गोण्या उतरवत होते. काम संपेपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि काकांना नुसतं थांबता येत नसे. त्यांनी घड्याळ हातात घेतलं. ट्रकच्या फळीवरून उतरणाऱ्या पहिल्या हमालाने ते पाहिलं, मागच्याला काहीतरी म्हणाला, आणि बघता बघता सगळी रांग मंदावली. कुणी गोणी पाठीवर घेण्याआधी दोनदा कंबर धरली, कुणी वाटेत थांबून घाम पुसला. एकाने तर गोणी खाली ठेवून तंबाखू मळायला घेतली. काका गंभीरपणे टिपत होते.

आण्णा आले. "तुम्ही सरकारी हायसा का?"

"न्हाय हो. मी सुरेखाच्या अभ्यासाचं बघतो."

"मग गोण्या कशापायी मोजताय?"

काकांनी घड्याळ शर्टाच्या आत टाकलं आणि सरळ मुद्द्यावर आले. मार्चपर्यंत रोज सकाळचा एक तास पोरीला द्या. आण्णांनी बराच वेळ त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "दिला. पण मार्चपतुरच. माझा शब्द बदलायचा न्हाय, आधीच सांगतो."

परत येताना काका हळहळत होते. "गोणीमागं चार मिनिटं लागत्यात. लई दमल्यात बिचारे." सुरेखा मान खाली घालून चालत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे.

सकाळचा तास मिळाला, पण सुरेखाचा वेग वाढेना. काका रोज संध्याकाळी तिला शेजारी बसवून दहा उदाहरणं द्यायचे आणि घड्याळ चालू करायचे. एका उदाहरणाला सहा मिनिटं, कधी सात. सुरेखा पट्टी सरळ करायची, पेन्सिलीला टोक काढायची, प्रश्नावरून बोट फिरवायची, सुस्कारा सोडायची. त्या वेगाने बोर्डाचा अर्धाही पेपर झाला नसता. डिसेंबर संपला. काकांनी दहा उदाहरणांची सात केली, सातांची पाच केली. मी नोंदी लिहीत होते आणि दौंडचं दुकान दिवसेंदिवस जवळ येत होतं.

मग जानेवारीतली ती संध्याकाळ. नाईक मॅडमचं घड्याळ बंद पडलं आणि त्यांनी काकांना सुरेखाची चारशेची वेळ घ्यायला सांगितलं. काकांना कोण आनंद झाला. सुरेखा पळाली, आणि आम्हाला बाहेरून दिसत होतं की ती जोरात पळाली. काकांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "एक बारा."

"एक बारा?" मॅडम म्हणाल्या. "बहात्तर सेकंद? सुरेखा, वाटेत कुणाकडे चहाला थांबली होतीस का?"

सुरेखाची सर्वांत चांगली वेळ तोवर एकोणसत्तर होती. ती धापा टाकत आली, काकांच्या हातातलं घड्याळ ओढून पाहिलं आणि मॅडमवर जवळजवळ ओरडलीच, "मॅडम, ह्या घड्याळात साठ घरं न्हाईत, शंभर हायत! काटा एका मिनिटात शंभर घरं जातो. बारा घरं म्हंजे बारा गुणिले साठ भागिले शंभर. सात पूर्णांक दोन. साठ आणि सात सदुसष्ट. मी सदुसष्टमध्ये आलेय, चहाला न्हवते गेले!"

कारखान्यातलं घड्याळ तसंच असायचं. हिशेबाला सोपं जावं म्हणून मिनिटाचे शंभर भाग. एकतीस वर्षांच्या सवयीत काका ते सांगायलाच विसरले होते. मॅडमनी बोटांवर आकडा तपासला. "सदुसष्ट," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कधी कुणाला मिळाली नव्हती.

काका मात्र घड्याळाकडे बघत नव्हते. ते सुरेखाकडे बघत होते.

सराव संपल्यावर त्यांनी तिला पायरीवर बसवलं. "सुरेखा, दशांशाचं उदाहरण. माझ्यासमोर सहा मिनिटं. आणि मॅडमशी भांडताना, दम लागलेला असताना, पंधरा सेकंद. हे कसं काय?"

सुरेखा बुटाची नाडी सोडत राहिली. मग म्हणाली, "काका, आण्णा म्हणत्यात, मुकादम बघत असला की गोणी जड हाय असंच उचलायचं. न्हाय तर उद्यापासून दोन गोण्या देतो."

"म्हंजे?"

"म्हंजे मी पटापट सोडवलं असतं तर तुम्ही दहाची वीस केली असती. हळू केलं तर तुम्ही पाच केली. मग मी घरी जाऊन आराम."

"आणि त्या दिवशी यार्डात? ते समदे हमाल?"

सुरेखाचे खांदे परत हलायला लागले, आणि या वेळी मला कळलं की ते रडणं नव्हतं.

आता काका चिडणार असं आम्हाला वाटलं. ते हसले. इतके हसले की खोकला आला, मॅडमनी लांबून पाण्याची बाटली पाठवली. डोळे पुसून ते म्हणाले, "एकतीस वर्षं. मी मशीनच्या शॉपमध्ये पाय टाकला की लेथवरचा टर्नर मशीन तीन तीनदा पुसायचा. पडलेला पाना उचलायला दोन मिनिटं. मी समजायचो, तेवढा वेळ कापायचो. हातांचं ढोंग मला लगेच कळतं. पुस्तकात हातच हलत न्हाईत, तिथं फसलो." मग म्हणाले, "कँटीनमध्ये मी ताट घेऊन बसलो की टेबल रिकामं व्हायचं. त्यांचंबी खरंच होतं. माझ्या कागदामुळं त्यांचं काम वाढायचं." एखादी नोंद वाचून दाखवावी तसं त्यांनी हे सांगितलं. मी ते लिहिलं नाही.

मग त्यांनी गळ्यातली काळी नाडी काढली आणि घड्याळ सुरेखाच्या हातात दिलं. "हे घे. माल तुझा, मशीन तुझं. घड्याळबी तुझ्याकडंच असू दे. किती उदाहरणं करायची त्ये तू ठरव. मी आकडा देणार न्हाय. वेळ तूच घ्यायचा, तूच लिहायचा."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी चालतो. डॉक्टरांनी पाच किलोमीटर सांगितल्यात."

एकदम सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात सुरेखाने जे आकडे लिहून आणले ते वाचून काका म्हणाले, "एवढा वेग तर आमच्या जर्मन मशीनला नव्हता." सुरेखाने जीभ चावली आणि अर्धे आकडे खोडले. दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच घोषणा केली, की उदाहरण सोडवायला तिला वेळ लागतच नाही, उत्तर चुकतं.

तेव्हा काकांनी रिजेक्शन वही काढायला लावली. कारखान्यात नापास झालेला नग लाल पेटीत टाकतात आणि त्याला कारणाची चिठ्ठी बांधतात, तशी चुकलेल्या प्रत्येक उदाहरणासमोर कारणाची चिठ्ठी. 'येत नव्हते', 'आकडा चुकीचा उतरवला', 'प्रश्न अर्धाच वाचला'. दोन आठवड्यांनी मी कारणं मोजली. 'येत नव्हते' मोजकीच होती. वहीभर एकच चिठ्ठी होती, 'प्रश्न अर्धाच वाचला'.

काका खूश झाले. "पोरीला गणित येतंय. पिस्तूल वाजायच्या आधीच सुटतीय." नाईक मॅडमनी त्यावर उपाय सांगितला. पळण्यात आपण काय करतो? 'ऑन युवर मार्क' म्हटल्यावर हात जमिनीला टेकतो आणि थांबतो. तेव्हापासून सुरेखा प्रत्येक प्रश्न वाचल्यावर दोन्ही तळवे बाकावर टेकायची, एक श्वास घ्यायची आणि मगच पेन उचलायची. परीक्षेत पर्यवेक्षिकेने तिला विचारलं म्हणे, बरं वाटत नाही का.

जूनमध्ये निकाल लागला. कॉम्प्युटरवर निकाल बघायची तेव्हा नवलाई होती. सारसबागेजवळच्या एका सायबर कॅफेत रांग होती, आणि नंबर कसा टाकायचा ते मला येतं म्हणून मला आत ढकललं होतं. काका आत यायला तयार नव्हते. ते समोरच्या फुटपाथवर उभे होते आणि सुरेखा त्यांच्यामागे. पान उघडायला वेळ लागत होता. आधी बोर्डाचं चिन्ह आलं, मग पांढरा पडदा, मग एक एक ओळ. मराठी, हिंदी, इंग्रजी. गणित, दीडशेपैकी एकसष्ट. पास.

माझाही निकाल मी नंतर पाहिला. तो चांगला होता, आणि त्याची कुणाला शंका नव्हती.

मी बाहेर आले आणि रस्त्यापलीकडून बोटांनी एकसष्ट दाखवायचा प्रयत्न करू लागले. काका ओरडले, "रायटर, तोंडानं सांग की!" मला ओरडता येईना. शेवटी मधून जाणारा एक रिक्षावाला थांबला, माझ्याकडून ऐकून घेतलं आणि पलीकडे ओरडला, "काका, गणितात एकसष्ट! पोरगी पास!" काका मटकन फुटपाथच्या कडेवर बसले. सुरेखा मात्र उभीच होती. तिने तळवे मांड्यांवर टेकले, एक श्वास घेतला आणि मग किंचाळली.

दुसऱ्या दिवशी आण्णा मैदानावर आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "पोरगी पास झाली. म्या शब्द मोडणार न्हाय, पळू दे तिला. दौंडला कळवलंय."

"मग काय तर," काका म्हणाले.

"पर मॅडम म्हणत्यात, सांगलीला स्पर्धा हायत. चार दिवस. पोरी बारा आन् मॅडम एकल्या. तुम्ही संग जाणार असाल तर धाडतो."

"मी? मला पळण्यातलं काय कळतंय?"

"मला तरी गणितातलं काय कळतंय?" आण्णा म्हणाले. "तरी सोपवलीच न्हवं तुमच्यावर?"

सांगलीला मी गेले नाही. माझं पळणं कुणी बंद केलं नव्हतं. अकरावीला सायन्स घेतलं, इंजिनीअरिंगच्या क्लासची बॅच सकाळ-संध्याकाळ होती, बाबा म्हणाले दोन वर्षांचाच प्रश्न आहे, आणि मी मान हलवली. काकांना सांगायला गेले तेव्हा ते रागावले नाहीत. "पळणं सोडून रोजचा किती वेळ वाचला?" त्यांनी विचारलं.

"दोन तास."

"आणि त्यात काय करतेस?"

मी मनात वाक्य तयार केलं, तपासलं, आणि बोलले नाही.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी क्लासला जायच्या आधी मी स्वारगेटला गेले. सांगलीची गाडी फलाटाला लागली होती, इंजिन चालू होतं. मॅडम पुढच्या दारात उभ्या राहून मुली मोजत होत्या. कमलकाकूंनी दिलेल्या गूळपोळ्यांचा डबा मी आणला होता, तो त्यांच्या हातात दिला आणि काका कुठे दिसतात ते शोधत गाडीच्या कडेने निघाले. चौथ्या खिडकीत दिसले. खिडकीच्या जागेवर ते, शेजारी सुरेखा. निघायच्या आनंदात ती रात्रभर जागी असावी. गाडी सुटण्याआधीच तिचं डोकं काकांच्या खांद्यावर कलंडलं होतं आणि तोंड उघडं पडलं होतं.

काका ताठ बसले होते. जराही हलत नव्हते. कंडक्टर आला आणि संघाचं सवलतीचं पत्र मागू लागला. काकांनी भुवयांनी आपल्या खिशाकडे खूण केली. कंडक्टरला कळेना. काकांनी परत भुवया हलवल्या. शेवटी त्यानेच त्यांच्या खिशात हात घातला आणि एक पेन काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं, चौथं काढलं, आणि सगळ्यांच्या मागून पत्र निघालं.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागले, मग पळू लागले. बऱ्याच दिवसांत पळाले नव्हते. काय झालं कुणास ठाऊक, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले, "काका! भोइटे काका!"

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या डोक्याकडे, आणि ओठांवर बोट ठेवून माझ्यावर डोळे वटारले. आजवर सगळे मला बोल म्हणत आले होते. गप्प बस म्हणून मला दटावणारे तेच पहिले. गाडी वळून साताऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते बोट तसंच होतं.